आमच्या ओसरीवर मुक्कामाला आलेली सरकारची तूट

मु. धामणदरा, जिल्हा अहमदनगर (पूर्वेकडचा कोरडा भाग)
होळी उलटून गेल्यावर, मार्च १९७३

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा आबासाहेब याचा दंडवत.

इकडे आम्ही सगळे हयात आहोत (खुशाल हा शब्द पाऊस पडेपर्यंत गावात कुणी वापरत नाही). आपली तब्येत, आक्काचे गुडघे आणि मुंबईच्या नळाला येणारं पाणी ही तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. आपलं पत्र पोचलं. राज्याच्या तिजोरीत मोठी तूट आहे, दुष्काळानं ती आणखी वाढवली आहे, अशा वेळी घरातला कर्ता जसा मिळकत बघून हात आखडतो तसं सरकारनंही करावं, खेड्यांनी पोरांसाठी पाळणाघरं आणि जमीन तपासायची यंत्रं मागत बसू नये, हे वर्ष पोट भरण्याचं आहे, प्रयोगांचं नाही, असं आपण लिहिलंत. हिशेबाच्या खात्यात आपली उभी हयात गेली, तेव्हा आपल्याशी वाद घालण्याची माझी लायकी नाही. मी धामणदऱ्याचा सरपंच, शिक्षण जुनी फायनल. पण दाजी, आपण मुंबईत बसून जी काटकसर केलीत ती चालत चालत आमच्या घरी आली आणि गेले दोन महिने ओसरीवर मुक्कामाला आहे. तिचं जेवणखाण आम्ही करतो. म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बसावं.

काटकसरीचं नाव मच्छिंद्र कडू. वय असेल अठ्ठावीस. सरकारच्या जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या खात्यात तो भूवैज्ञानिक आहे, गाव देवळाली प्रवरा. म्हणजे बघा, जन्मापासून पाटाच्या पाण्यावर आणि उसाच्या सावलीत वाढलेला माणूस, आणि सरकारनं त्याला पाणी शोधायला आमच्याकडे पाठवला. संक्रांतीच्या सुमारास एक जीप आली, तिनं कडूसाहेब, एक लाकडी पेटी, तारांची भेंडोळी आणि चार लोखंडी खुंट्या एवढं सामान आमच्या दारात उतरवलं आणि मदतनिसाला आणते असं सांगून निघून गेली. ती अजून गेलेलीच आहे. मागाहून कळलं, जीप तालुक्याला पोचली त्याच आठवड्यात पेट्रोल कमी करण्याचं फर्मान निघालं. मग कडू म्हणाले, मी एस.टी.नं परत जातो. तर प्रवासभत्ता गोठवलेला. बरं, गाव सोडायचं तर वरिष्ठांची परवानगी पाहिजे, वरिष्ठ दौऱ्यावर असतात, आणि दौरे काटकसरीत बंद झालेत म्हणून वरिष्ठ नेमके कुठं आहेत ते कुणालाच माहीत नाही. असा हा माणूस. सरकारनं त्याच्यावरचा खर्च वाचवला, त्याच्याकडून काम करून घेणंही वाचवलं, आणि पगार मात्र चालू ठेवला. याला आपल्या खात्यात काय म्हणतात ते आपण जाणता. आमच्याकडे याला घरजावई म्हणतात.

काम का होत नव्हतं तेही सांगतो. पेटीतून जमिनीत वीज सोडायची, खालचा खडक तिला किती अडवतो ते मोजायचं आणि त्यावरून कुठं ओल असेल ते ताडायचं, असं ते शास्त्र आहे. त्याला जाड कोरड्या बॅटऱ्या लागतात. कडूंच्या बॅटऱ्या पहिल्याच आठवड्यात मेल्या. नव्या मागवल्या तर उत्तर आलं की किरकोळ खर्चाला कात्री लागली आहे. सगळा खडक आता त्या किरकोळ खर्चाखाली दबला.

आणि दाजी, याच दिवसांत रोज सकाळी गावात पाण्याचा टँकर येत होता. त्याला पेट्रोलची ददात नव्हती. लांबून पाणी भरायचं, खडकाळ रस्त्यानं हेलकावे खात आणायचं, निम्मं वाटेत सांडायचं आणि उरलेलं आमच्या विहिरीत ओतायचं (विहिरीचा तळ ते आमच्याआधी पिऊन टाकायचा). मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, अहो टँकरला पैसा आहे आणि बॅटरीला नाही, हे कसं? तिथल्या कारकुनानं मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. टँकर म्हणजे दुष्काळनिवारण, त्याला नाही म्हणता येत नाही. बॅटरी म्हणजे विकास, विकास थांबू शकतो. मी म्हटलं, विकास झाला तर टँकर थांबेल की. तो म्हणाला, "सरपंच, ते खर्चाचं हेड वेगळं." मी परत येताना एस.टी.त सगळा वेळ विचार करत होतो, दोन्ही हेडं एकाच धडावर असतात की नसतात.

आता दुसरी काटकसर. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू आहे, सगळं गाव तिथं माती वाहतं. कामावरच्या बायांच्या लहानग्यांसाठी एक पाळणाघर होतं. पाळणाघर म्हणजे चार बांबू, वर तरट, दुपारी सुकडी, आणि पोरं सांभाळायला खालच्या वस्तीतली राहीबाई. हे सगळं शिमग्याच्या आधी बंद झालं. कारण काय, तर ही हौस आहे. राहीबाईंनी काय करावं? पोरांची अख्खी पलटण घेऊन त्या सरळ माझ्या ओसरीवर आल्या.

"सरपंच, तुमी सरकार हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "तसा लहानसा आहे."

"मग ही घ्या सांभाळा. म्या बी उद्यापासून मातीच्या कामाव जाती. सांभाळायची मजुरी बंद झाली."

असं म्हणून त्या खरंच निघाल्या. ओसरीवर एकदम रडारड सुरू झाली, एकानं कडूंच्या खुंटीला मिठी मारली, दोघांनी तारांची भेंडोळी सोडली. मी आपला धावत राहीबाईंच्या मागं गेलो आणि हात जोडून त्यांना परत आणलं. तेव्हापासून त्या आमच्याच ओसरीवर पोरं सांभाळतात आणि पंचायतीच्या दिवाबत्तीतून त्यांना काहीतरी देतो (गावात दिवे नाहीतच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही). आमच्या घरातून पहिल्या दिवशी राहीबाईंचा तांब्या वेगळा काढला होता, लपवून काय करू. तिसऱ्या दिवसापर्यंत पोरांनी सगळे तांबे अंगणात असे काही पांगवले की कुठला कुणाचा हे खुद्द आमच्या घरातूनही ओळखेना, आणि तो विषय संपला. तर दाजी, आमच्या ओसरीच्या डाव्या अंगाला शास्त्र, उजव्या अंगाला समाजकल्याण, आणि मधल्या चौकटीत मी, तूट होऊन बसलेला. सरकारचा खर्च वाचला हे खरं. पण तो वाचून कुठं गेला ते इथं येऊन बघा.

घरातल्या कर्त्याचा दाखला आपण दिलात म्हणून लिहितो, राग मानू नये. आपले वडील गेले त्या वर्षी आपल्या घरात दाणा नव्हता. हे मला आक्कानं नाही, खुद्द आपल्या मातोश्रींनी सांगितलंय. त्याच वर्षी त्यांनी हातातल्या पाटल्या मोडून आपल्याला नगरच्या बोर्डिंगात ठेवलं. भावकीनं त्यांना वेड्यात काढलं असणार, हे वर्ष पोट भरण्याचं आहे असंच म्हटलं असणार. मातोश्रींनी हात आखडला असता तर आज आपण काटकसरीची फर्मानं लिहायला मुंबईत नसता, आमच्या तलावावर माझ्या शेजारी पाटी उचलत असता. (आणि माझ्यापेक्षा चांगली उचलली असतीत, आपला बांधा मजबूत आहे.) तूट ती होती आणि तूट ही आहे. कशासाठी केली ते बघायचं की नाही?

असो. बॅटरीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. पंचायतीत एक जुना सरकारी रेडिओ आहे, त्याला विटेएवढी कोरडी बॅटरी लागते. एके दिवशी कडू बातम्या ऐकायला आले आणि बातम्यांऐवजी रेडिओच्या पाठीकडेच बघत बसले. मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी गोठवलेलं शास्त्र पुन्हा चालू झालं. कडू पुढं, तारा ओढायला मी, खुंट्या ठोकायला गावातला जो मोकळा सापडेल तो. आठवडाभर आम्ही गावाभोवतीचं रान पालथं घातलं. नेमक्या त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दिल्लीचा अर्थसंकल्प रेडिओवर सांगणार होते. सगळं गाव पंचायतीपुढं जमलं आणि रेडिओ मुका. देशाला यंदा केवढी तूट आली ते धामणदऱ्याला अजून माहीत नाही, कारण त्या वेळी आमची बॅटरी ओढ्याकाठी जमिनीच्या पोटात पाणी शोधत होती. बन्सीभाऊ मात्र फार चिडले. (बन्सीभाऊ म्हणजे आमचे विरोधी पंच. सरकारी धोरणावर बोलायला त्यांना रेडिओ लागतो.)

खरा तमाशा पुढं झाला. कडूंनी आकडे मांडले आणि जागा दाखवली ती नेमकी खालच्या वस्तीच्या तोंडाशी, राहीबाईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पंचायतीची बैठक बसली. आणि दाजी, काय सांगू, आजवर ज्यांनी सरकारी पैशाची कधी फिकीर केली नाही, समाजमंदिराच्या सिमेंटातून ज्यांनी स्वतःच्या घराची पायरी बांधली, ते सगळे एकाएकी आपल्यासारखे बोलायला लागले. बन्सीभाऊ उठून म्हणाले, राज्य तुटीत आहे, एकच बोअर मंजूर आहे, ती भलत्या जागी घेऊन जनतेचा पैसा वाया घालवणं हे पाप आहे, ती आपल्या मारुतीच्या पारापाशी घ्यावी. काटकसरीची आठवण कुणाला कधी होते याचा मी त्या दिवशी अभ्यास केला. पाराखाली पाणी आहे का असं मी कडूंना विचारलं. कडू म्हणाले, "तिथं कातळ एकसंध आहे. शक्यता फार कमी." बन्सीभाऊंनी विचारलं, "आणि तिथं वस्तीत? तिथं खात्री?"

"खात्री नाही. शक्यता बरी आहे."

हा कडूंचा दोष आहे. माणूस सरळ आहे, पण त्याच्या तोंडून खात्री हा शब्द निघत नाही. दाराशी उभ्या राहीबाई वैतागून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या शक्यतेनं घागर किती भरती?" सगळे हसले. कडू हसले नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बाई, पाराखाली अजिबात भरणार नाही. तुमच्याकडं भरली तर सगळ्या गावाची भरेल. यापुढचं खडकाला माहीत." मी लगेच ठराव मतास टाकला. दोन मतं इकडे, दोन तिकडे, निर्णायक मत माझं. मी मत दिलं आणि तेव्हापासून बन्सीभाऊ माझा रामराम घेत नाहीत.

होळीच्या आसपास बोअरिंगची गाडी आली. सगळं गाव काम सोडून गोळा झालं. यंत्र धडाधडा कातळ फोडायला लागलं आणि वर आली नुसती धूळ. काळी, मग करडी, मग पुन्हा काळी. दुपारपर्यंत आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. बन्सीभाऊ धुतलेला फेटा बांधून लांब सावलीत उभे होते आणि दर खेपेला धूळ उडाली की माझ्याकडे बघत होते. मग एकाएकी यंत्र थांबलं. गाडीवरचा मिस्त्री खाली उतरला आणि तोंड पुसत म्हणाला, मंजूर खोली झाली. यापुढं डिझेल जाळायचं नाही असा हुकूम आहे. दांडे वर काढा.

कडूंचा चेहरा मातीसारखा झाला. शेवटची धूळ त्यांनी मुठीत घेतली होती, ती उघडून मला दाखवली. तिच्यात तांबूस झाक होती, गेरूसारखी. म्हणाले, "आबासाहेब, हा लाल थर आहे. याच्या खालचा खडक भोकाभोकांचा, पाणी धरणारा निघतो. इथं थांबणं म्हणजे..." पहिल्यांदाच त्यांनी शक्यता हा शब्द वापरला नव्हता. मी मिस्त्रीला सरपंच म्हणून हुकूम केला, मग विनंती केली, मग चहा दिला. तो म्हणे, माझी नोकरी जाईल. त्याचंही खोटं नव्हतं. हुकूम आपल्यासारख्याच कुणा काळजीवाल्या माणसानं काढला असणार.

तेवढ्यात राहीबाई पोरांची पलटण घेऊन आल्या आणि गाडीच्या पुढच्या चाकांपाशी बसल्या. त्यांच्यामागून कामावरच्या बाया येऊन मागच्या चाकांपाशी बसल्या. मग आमच्या घरातून आल्या आणि (मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो) राहीबाईंच्या शेजारी मातीत बसल्या. मिस्त्री म्हणाला, "बाई, उठा, मला निघायचंय."

राहीबाई म्हणाल्या, "निघा की. आमी कुटं आडवलं? फकस्त आमच्या अंगावरून न्या."

"अहो, पाणी नाही लागलं तर?"

"न्हाई लागलं तर गेलं. पन आर्ध्यात सोडून गेलं ते कुनाच्या बापाचं वाचलं? हितवर खांदलं त्ये बी पान्यातच गेलं ना? आन् पानी तर न्हाईच."

दाजी, मी आपलं सगळं पत्र तीनदा वाचलंय. या बाईच्या एवढ्या बोलण्याला त्यात उत्तर सापडलं नाही.

मिस्त्रीनं आभाळाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि यंत्र सुरू केलं. काही वेळ लाल धूळ उडाली, मग ती उडायची थांबली आणि भोकाच्या तोंडाशी चिखल बुडबुडायला लागला. आणि मग एकदम पाण्याचा फवारा उठला, गाडीच्याही वर. बाया ओरडल्या, पोरं आधी घाबरून रडली आणि मग त्याच्याखाली नाचली. कडू भिजत उभे होते. चष्मा पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही रडलो, पण सगळेच ओले असल्यामुळे कुणाला कळलं नाही. बन्सीभाऊंचा फेटा भिजला. त्यांनी तो सोडला, पिळला आणि पिळलेलं पाणी जिभेवर घेऊन म्हणाले, "गोड हाय." माझ्याकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले.

आता वाटेल गोष्ट संपली. नाही संपली. बोअर आहे, पाणी आहे, पण त्यावर बसवायचा हातपंप नाही. पंप वेगळ्या हेडात आहे आणि ते हेड पुढल्या वर्षात आहे. तूर्त लोहाराकडून पत्र्याची लांब नळी करून घेतली आहे, तिच्या बुडाला कडूंनी चामड्याची झडप बसवली. दोरीनं सोडायची, भरली की ओढायची. एका खेपेला अर्धी घागर. सगळं गाव, वरचं आणि खालचं, एकाच रांगेत उभं असतं आणि रांगेत जी भांडणं होतात ती सगळी एकाच पातळीवरची होतात, हा एक फायदा. आणि टँकर? तो अजून येतो! आम्ही हात हलवून नको म्हणतो, तो तरी विहिरीत ओतून जातो, कारण त्याची मंजुरी जूनपर्यंत आहे.

दोन महिने हे सोसून माझं डोकं इतकं तापलंय की त्यावर भाकरी भाजावी. लहान तोंडी जास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपल्या पायांची धूळ (ती इकडे भरपूर आहे),
आबासाहेब

ता. क. : मूळ काम लिहायचं राहूनच गेलं. कडूंची जागा हंगामी आहे, ती या महिनाअखेर मोडीत निघणार. मुदतवाढीचे कागद आपल्याच टेबलावर आहेत असं ऐकतो. सही करा असं मी म्हणत नाही, आपण नियमाचे माणूस. फक्त त्यांच्यावर काही लिहिण्याआधी एकदा नळ सोडून पेलाभर पाणी प्यावं.

ता. क. दुसरा : मुदतवाढ दिलीत तर कडूंना धामणदऱ्यातच ठेवावं ही विनंती. शेजारच्या पिंपळदऱ्याचे सरपंच कानिफनाथराव त्यांना न्यायला रोज येऊन बसतात. कानिफनाथराव म्हणजे माझे साडू, आणि आमचा बांधावरून नऊ वर्षं अबोला आहे. आम्हाला अजून दुसरी बोअर हवी आहे. शिवाय राज्याची तूट बघता सगळ्याच गावांनी एकदम शास्त्राच्या मागं लागणं बरं नव्हे. पिंपळदऱ्यानं थोडी कळ काढावी.

ता. क. तिसरा : वरचा मजकूर आमच्या घरातून वाचला. (शाळेत गेल्या नाहीत, पण नको तेवढं वाचता येतं.) पिंपळदऱ्यात त्यांची धाकटी बहीण दोन कोस घागर वाहते. त्या कागद माझ्यापुढं ठेवून चुलीकडे गेल्या. वरचा ता. क. मी खोडलेला नाही, दुसरा कागद घरात नाही. पण आपण तो वाचला नाही असं समजावं. कडू आज सकाळी पेटी घेऊन पिंपळदऱ्याला गेले. बैलगाडी माझी होती आणि हाकायलाही मीच होतो. कानिफनाथरावांनी वेशीवर माझा हात धरला आणि म्हणाले, "आबा, आधी पानी घे." घरात होतं नव्हतं तेवढं त्यांनी एका तांब्यात ओतलं होतं. मी प्यालो.